चित्रसंकलनाचा व्यवसाय आणि आपली मुले
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत रायपूर येथे दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत आम्हांस पाचारण करताना कार्यकारिणीने विषयाची निवड आमच्यावरच सोपविली होती. संतवाङ्मय, नाट्यसंगीत किंवा मराठ्यांच्या छत्तीसगडातील इतिहासाविषयी आम्ही काही सांगू, अशी बहुधा अपेक्षा असावी. आम्ही कळविलेला विषय वाचून एका ज्येष्ठ सभासदांनी, ‘हा विषय मंडळाचा कसा?’ असे विचारले. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे की, गेल्या दोन-तीन वर्षांत आपल्या सभासदांपैकी चार-पाच घरांतून आमच्याकडे एकच गाऱ्हाणे आले. मुलगा किंवा मुलगी हुशार आहे, भिलाईच्या शिकवणी वर्गाची फी भरून झाली आहे, आणि आता ते मूल म्हणते की मला अभियंता व्हायचे नाही, स्पर्धा परीक्षाही द्यायची नाही. मला व्हिडिओ एडिटिंग करायचे आहे. गाऱ्हाण्याचा शेवट ठरलेला: ‘तुम्ही केंद्र सरकारातले अधिकारी, तुमचे तो ऐकेल. जरा समजावा.’

समजावण्यापूर्वी समजून घ्यावे, अशी कचेरीत आम्हांस सवय लागलेली आहे. आम्ही साधे बी.ए. झालेले; कॅमेऱ्याशी आमचा संबंध ओळखपत्राच्या छायाचित्रापुरता. म्हणून जी माहिती मिळविली आणि जे पाहिले, तेच आपल्यापुढे ठेवतो. निवाडा ज्याचा त्याने करावा.

आपले मंडळ आणि या मुलखातील दूरचित्रवाणी ही जवळजवळ समवयस्क आहेत, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात नसेल. १ ऑगस्ट १९७५ रोजी ‘साइट’ या नावाने ओळखला जाणारा उपग्रह-दूरचित्रवाणीचा प्रयोग भारतात सुरू झाला. अमेरिकेचा एटीएस-६ हा उपग्रह वर्षभरासाठी मिळाला होता. सहा राज्यांतील २० जिल्हे आणि सुमारे २४०० खेडी त्यासाठी निवडली गेली. तत्कालीन मध्य प्रदेशातून निवडलेला भाग म्हणजे रायपूर, दुर्ग आणि बिलासपूरचा हा टापू. सुमारे दहा फूट व्यासाची तारेच्या जाळीची छत्री, तिच्याखाली एक संच आणि संचासमोर अवघा गाव, असे ते दृश्य. सकाळी शाळकरी मुलांसाठी, संध्याकाळी मोठ्यांसाठी, मिळून दिवसाला सुमारे चार तास. या प्रयोगाचे कार्यक्रम-व्यवस्थापक होते कोल्हापूरचे प्रा. एकनाथ वसंत चिटणीस. म्हणजे रायपूरच्या खेड्यांत पहिले चलच्चित्र घरपोच आणण्यात एका मराठी माणसाचा हात होता. ३१ जुलै १९७६ रोजी प्रयोग संपला, आणि पुढे १९७७ मध्ये रायपूरला दूरदर्शनचे भूमीवरील प्रक्षेपण आले.

या इतिहासातील एक बारकावा आमच्या आजच्या विषयाच्या मुळाशी आहे. धानाच्या या कोठारातील शेतकऱ्याने जी चित्रे पाहिली, ती येथे घडलेली नव्हती. हिंदी भागासाठीचे कार्यक्रम प्रामुख्याने दिल्लीत तयार होत, मुलांसाठीचे विज्ञानपट मुंबईत. काय दाखवायचे, किती वेळ दाखवायचे, कोठे थांबायचे, हे दूर बसलेले कोणी ठरवीत असे. येथील माणूस केवळ प्रेक्षक होता. पन्नास वर्षांत हे पारडे फिरले. तेव्हा ज्या कामासाठी सरकारी स्टुडिओ लागत असे, ते आज बारावीतल्या मुलाच्या खिशातील यंत्र करू शकते. आणि ‘डाविंची रिझॉल्व्ह’सारखी, मोठ्या चित्रपटांसाठी वापरली जाणारी प्रणाली तिच्या मूळ स्वरूपात फुकट मिळते. यंत्र इतके स्वस्त झाल्यावर मोल उरते ते कशाचे? आमच्या मते नजरेचे, कानाचे आणि भाषेचे. ही तीन आपल्या मुलांपाशी आहेत की नाहीत, ती कशी जोपासावीत आणि जोपासताना पोट कसे भरावे, एवढाच आजचा प्रश्न आहे.

प्रथम, हे संकलन म्हणजे काय? पुष्कळ पालकांची समजूत अशी की चित्रीकरण करणारा कलावंत आणि नंतर तुकडे जोडणारा तो कारकून. ही समजूत साफ खोटी आहे. रशियातील कुलेशॉव्ह नावाच्या दिग्दर्शकाने १९२० च्या सुमारास केलेला एक प्रयोग जगभर शिकविला जातो. एका नटाच्या निर्विकार चेहऱ्याचे एकच चित्र त्याने तीन ठिकाणी वापरले: एकदा सूपाच्या बशीशेजारी, एकदा शवपेटीशेजारी, एकदा एका तरुणीशेजारी. प्रेक्षकांना त्याच चेहऱ्यावर अनुक्रमे भूक, शोक आणि अभिलाषा दिसली. चेहरा तोच होता. शेजार बदलला होता. आपल्या परिचयाचे उदाहरण घ्यायचे तर, लग्नात वधूपित्याने डोळे मिटून घेतल्याचे एक चित्र आहे. ते पाठवणीनंतर लावले तर पाहणाऱ्याचे डोळे पाणावतील. मंडपवाल्याच्या हिशेबाच्या कागदानंतर लावले तर सभागृह हसेल. वधूपिता दोन्ही वेळा बिचारा डोळेच मिटत होता!

आणि जोडण्यापेक्षा वगळणे कठीण. हे आम्हां कचेरीतल्या माणसांना चांगले कळावे. चाळीस पानांच्या पत्रव्यवहारावर अर्ध्या पानाची टिपणी लिहिताना जो घाम निघतो तो चाळीस पाने नकलून काढताना निघत नाही. काय गाळले असता वरिष्ठांची दिशाभूल होईल आणि काय ठेवले असता ते कंटाळतील, याचा विवेक म्हणजेच टिपणी. मराठीत आपण लेखाच्या कामास संपादन म्हणतो आणि चित्रपटाच्या कामास संकलन. हिंदीत दोहोंस संपादन हा एकच शब्द चालतो. हिंदीचा हा काटकसरीपणा आम्हांस अधिक अर्थपूर्ण वाटतो.

संपादन हा शब्द रायपुरात उच्चारल्यावर पंडित माधवराव सप्रे यांचे नाव न घेणे अशक्य. सप्रे शाळेसमोरून आणि लाखे नगरातून आपण रोज जातो. ही नावे कोणाची, हे तरुणांनी ऐकावे. जानेवारी १९०० मध्ये पेंड्र्याहून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघाले. संपादक माधवराव सप्रे आणि रामराव चिंचोलकर, प्रकाशक वामन बळीराम लाखे. तिन्ही मराठी माणसे, आणि मासिक हिंदी. तीन वर्षे चालून ते पैशाअभावी बंद पडले. परंतु त्या तीन वर्षांत सप्रे यांनी जी नजर कमावली तिच्या बळावर ते पुढे हिंदीतील मान्यवर संपादक झाले आणि लोकमान्यांचा ‘गीतारहस्य’ त्यांनी हिंदीत नेला. घरात एक भाषा, दारात दुसरी, अशा माणसाला दोन्ही भाषांतील शब्दांचे वजन कळते. परप्रांतातील मराठी घरांची ही पुंजी आहे, आणि ती आपण बहुधा उणीव म्हणून सांगतो: ‘आमच्या मुलांचे मराठी फार हिंदाळलेले.’ असेल. पण त्याच मुलाचा कान रायपूरच्या गोलबाजारात छत्तीसगढीही टिपत असतो.

याचे एक प्रत्यक्ष उदाहरण. आमच्या परिचयातील एका मराठी कुटुंबातील मुलीने पदवीनंतर येथील एका लग्न-छायाचित्रकाराकडे काम धरले. पहिले दोन लग्नसराईचे हंगाम तिला कापायला काही मिळालेच नाही. चित्रफिती उतरवून घेणे, त्यांना नावे देणे, दोन कॅमेऱ्यांची चित्रे आणि वेगळा मुद्रित केलेला ध्वनी यांचा मेळ घालणे, एवढेच. तिसऱ्या हंगामात एका छत्तीसगढी लग्नाचे काम तिच्याकडे आले. बायका ‘भडौनी’ म्हणत होत्या. आपल्याकडे विहिणीवर म्हटल्या जाणाऱ्या गाण्यांच्या जातीची ही चिडवाचिडवीची गाणी. त्यातल्या एका ओळीत वराच्या काकांची फिरकी घेतलेली होती. बाहेरून आलेल्या संकलकाने तो सारा भाग गोंगाट म्हणून गाळून वर एखादे चित्रपटगीत चढविले असते. हिला ओळ कळली. तिने मूळ आवाज तसाच ठेवला, आणि ओळ संपताच काकांचा चेहरा लावला, ओशाळलेला आणि मग हसू न आवरलेला. तीन सेकंदांचे काम. त्या कुटुंबाने म्हणे तेवढाच तुकडा शंभर जणांना पाठविला. पुढची चार कामे तिला त्या तीन सेकंदांनी मिळवून दिली.

तिची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. देवशयनी ते देवउठनी या चार महिन्यांत लग्ने नाहीत, म्हणजे उत्पन्न नाही. एका गिऱ्हाइकाने काम नेले आणि शेवटचा हप्ता दिलाच नाही. करार तोंडी होता. एका साठवणयंत्राने ऐन अक्तीच्या, म्हणजे अक्षय तृतीयेच्या, मोसमात प्राण सोडला. तिच्या वडिलांनी त्या वर्षी तिच्या टेबलावर बँकेच्या परीक्षेचा अर्ज आणून ठेवला होता. आता ती पावसाळ्यात शिकवणी वर्गांची व्याख्याने आणि छत्तीसगढी गाण्यांच्या चित्रफिती कापते, आणि वडील तिची हिशेबवही लिहितात. उत्पन्न अजून महिन्यागणिक खालीवर होते. तो अर्ज कपाटात आहे, असे त्यांनी आम्हांस सांगितले.

या धंद्यात स्थैर्य नाही ही पालकांची भीती निराधार नाही, आणि तिचा सर्वांत मोठा पुरावा खुद्द दादासाहेब फाळके आहेत. विसाव्या शतकाच्या आरंभी ते सरकारच्या पुरातत्त्व खात्यात छायाचित्रकार व आरेखक होते. टिकते तर निवृत्तिवेतन मिळते! १९१२ मध्ये विमापत्र गहाण टाकून ते लंडनला गेले आणि कॅमेरा घेऊन आले. धनिकांना पटविण्यासाठी त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि रोज थोडेथोडे चित्रण करून महिन्याभराची वाढ मिनिटभरात पडद्यावर आणली. संकलनाचे सार त्या कुंडीत आहे: काळ आपल्या हातात घेणे. ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन चित्रगृहात ‘राजा हरिश्चंद्र’ लागला. त्याची सुमारे ३७०० फूट फिल्म धुण्यात, तिला छिद्रे पाडण्यात आणि रसायने मिसळण्यात सरस्वतीबाईंचा हात होता. त्याच घरी मंडळींचा स्वयंपाकही त्याच करीत. असे असूनही १९४४ साली नाशिकला दादासाहेब वारले तेव्हा घरात संपत्ती नव्हती. त्यांच्या नावाचा सर्वोच्च पुरस्कार १९६९ पासून दिला जातो, हे खरे. पण पुरस्काराने त्यांचे घरभाडे भरले गेले नाही.

दुसरे उदाहरण अधिक दिलासा देणारे आहे, आणि त्याचा गवगवा कमी झाला आहे. वामन भोसले हे गोव्यातील पोंबुर्फ्याचे. १९५२ साली ते मुंबईस आले आणि बॉम्बे टॉकीजमध्ये संकलक डी. एन. पै यांच्या हाताखाली उमेदवारी करू लागले. पुढे फिल्मिस्तानात बारा वर्षे साहाय्यक. स्वतंत्रपणे नाव झाले ते १९६९ च्या ‘दो रास्ते’ने. म्हणजे सतरा वर्षे! आमच्या कचेरीत सतरा वर्षांत माणूस दोन बढत्या घेतो आणि तरीही कुरकुरतो. सहकारी गुरू शिराळी यांच्यासह ‘वामन-गुरू’ ही जोडी मग दोन दशके गाजली: ‘मेरा गाँव मेरा देश’, ‘कर्ज’, आणि राष्ट्रीय पुरस्कार मिळवून देणारा ‘इन्कार’. २०२१ साली भोसले वारले तेव्हा त्यांच्या नावावर दोनशेहून अधिक चित्रपट होते, आणि रस्त्यात त्यांना ओळखणारे फारसे कोणी नव्हते. ज्या मुलास प्रसिद्धी हवी आहे त्याने संकलनाच्या वाटेस जाऊ नये. ज्यास काम हवे आहे त्याने जावे.

भोसल्यांच्या काळी फिल्म कात्रीने कापून हाताने सांधत. चुकीचा काप म्हणजे खराब झालेली पट्टी. आज चुकीचा काप एका कळीने परत घेता येतो, म्हणून विचार न करता कापण्याची सवय लागते. शिवाय आता यंत्रे स्वतःच बोलण्यातील शांतता शोधून गाळतात, बोललेले लिहून काढतात, कच्ची जुळणीही करून देतात. याचा पालकांनी गांभीर्याने विचार करावा. त्या मुलीने पहिले दोन हंगाम जे काम करून पाय रोवले, त्यातले बरेचसे पुढे यंत्रच करील. केवळ तुकडे जोडता येणाऱ्याचे भवितव्य आम्हांस चांगले दिसत नाही. काकांचा चेहरा कोठे लावावा हे मात्र त्यालाच कळेल, ज्याला भडौनी कळते.

रायपुरात काम आहे काय? आहे. छत्तीसगढीतील पहिला चित्रपट ‘कहि देबे संदेस’ १९६५ चा. मुंबईत चित्रसंस्थेत नोकरी करणारे मनु नायक यांनी तो काढला, आणि विषय निवडला आंतरजातीय प्रेमाचा. मग दीर्घ मंदी. राज्यनिर्मितीच्या वर्षी, २००० साली, ‘मोर छँइहा भुइँया’ तुफान चालला आणि येथे एक उद्योग उभा राहिला. मनोज वर्मा यांच्या ‘भूलन द मेझ’ला ६७ व्या राष्ट्रीय पुरस्कारांत छत्तीसगढी चित्रपटाचा पुरस्कार मिळाला. याखेरीज वृत्तवाहिन्या, सरकारी खात्यांचे माहितीपट, शिकवण्या, रुग्णालये, आणि लग्ने तर अखंड.

शिक्षणाविषयी थोडक्यात. प्रभात कंपनीच्या पुण्यातील जागेत १९६० साली सुरू झालेली फिल्म संस्था आणि कोलकात्याची १९९५ ची सत्यजित राय संस्था, या दोन्ही सरकारी. संकलनाचा मुख्य अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि प्रवेश पदवीनंतर. म्हणून पदवी पूर्ण करावी, ‘पदवी कशाला?’ म्हणणाऱ्या मुलास हे एवढे कारण पुरे. येथे कुशाभाऊ ठाकरे पत्रकारिता विद्यापीठ आहे. आणि कानासाठी १९५६ पासूनचे खैरागढचे संगीत विद्यापीठ जवळच आहे. संकलकास तबला येत असेल तर त्याचा काप समेवर पडतो, हे आम्हांस एका जाणत्याने सांगितले, आणि नंतर चित्रपट पाहताना ते पटले.

व्यवहाराच्या दोन-तीन गोष्टी मात्र वडिलांनी शिकवायच्या आहेत, कारण त्या कोठल्याच शिकवणीत सांगत नाहीत. करार लेखी असावा: किती मिनिटांचे काम, किती वेळा दुरुस्ती, किती आगाऊ. गिऱ्हाईक ‘जरासेच बदला’ असे सात वेळा म्हणते. दुसरे, साठवण. सेकंदाला १०० मेगाबिट या दर्जाने एका तासाचे चित्रण सुमारे ४५ जीबी होते; दोन कॅमेरे आठ तास चालले तर ७२० जीबी. त्याच्या तीन प्रती, दोन वेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांपैकी एक दुसऱ्या घरी ठेवावी. लग्न पुन्हा लावता येत नाही. तिसरे, गाण्यांचे हक्क. मंडपात गाणे वाजविणे निराळे आणि तेच चित्रफितीवर चढवून जगासमोर मांडणे निराळे; दुसऱ्यास परवानगी लागते. आणि पदरचे पैसे घालून महागडा कॅमेरा आरंभीच घेऊन देऊ नये. तीन वर्षांची मुदत, एक बरा संगणक आणि घरात दार लावून बसता येईल अशी एक जागा, एवढे पुरे. मुदतीअखेर वही पाहून बोलावे.

अखेरीस मंडळाकडे एक मागणी. कार्यालयाच्या लोखंडी कपाटात खालच्या खणात गणेशोत्सवाच्या आणि नाटकांच्या जुन्या व्हीएचएस कॅसेटी आहेत. मोजल्या तर एकवीस भरल्या. त्यांतल्या काहींवर बुरशी धरली आहे. त्या चालविणारी नवी यंत्रे बनविणारी जपानमधील शेवटची कंपनी २०१६ च्या जुलैत थांबली; आता जुनी दुरुस्त करूनच वापरावी लागतात. त्या कॅसेटींत जी माणसे बोलत आहेत, त्यांपैकी निम्म्याहून अधिक आज आपल्यात नाहीत. हे काम मागच्या रांगेतील मुलांस द्यावे. त्यांनी त्या उतरवून घ्याव्यात, कोण कोण आहे ते ज्येष्ठांना दाखवून नावे लिहून घ्यावीत, आणि त्यांतून तासाभराचा एक चित्रपट कापावा. काय गाळायचे यावरून कार्यकारिणीत भांडण होईल. ते होऊ द्यावे, पण कात्री मुलांच्याच हाती असावी.

आणि घरचेच काम म्हणून ते फुकट करून घेऊ नये. सुवर्णमहोत्सवी निधीतून मानधनाची तरतूद करावी आणि करार लेखी करावा. मसुदा आम्ही लिहून आणला आहे. सभा संपल्यावर तो कोषाध्यक्षांकडे देत आहोत.